मंडईच्या विरोधातलं एक मत

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचं संपादित रूप)



२०२४ सालच्या सप्टेंबरच्या अखेरीस पुण्याची मेट्रो जमिनीखालून मंडईपर्यंत आली. नवरात्र चार दिवसांवर होतं. आम्ही म्हाताऱ्यांनी पहिली गर्दी ओसरू दिली. दिवाळीच्या सुटीत नातवाला घेऊन मी गेलो. सरकत्या जिन्याने वर आलो, उजेडाने डोळे जरा दिपले, आणि समोर मंडईचा तो दगडी मनोरा. नातू नववीत आहे. महात्मा फुले मंडई हे नाव तो लहानपणापासून ऐकत आलेला, पण त्या दिवशी का कोण जाणे, त्याने विचारलं, "आजोबा, ही फुल्यांनी बांधली का?"

मी म्हटलं, "नाही रे. त्यांनी तर हिला विरोध केला होता."

त्याला वाटलं, आजोबा थट्टा करताहेत. घरी येईपर्यंत मी त्याला जे सांगितलं तेच आज थोडं विस्ताराने तुम्हाला सांगणार आहे. गावात बदल होतो, म्हणजे बाजार हलतो, रस्ता रुंद होतो, बस सुरू होते, गल्ली एकेरी होते, तेव्हा तिथे राहणारी माणसं काय म्हणतात? आणि त्या म्हणण्याचं पुढे होतं काय? पुण्यात मतांची टंचाई कधीच नव्हती. वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुणेकरांनी रस्ते, नळ, दिवे आणि गटारं यांवर जेवढी शाई खर्च केली असेल, तेवढ्यात मुठेला एक छोटासा पूर आला असता. पण मत असणं आणि ते विचारलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मंडईपासूनच सुरुवात करू.

आज जिथे मंडई आहे तिथे पूर्वी बाजार नव्हता. पुण्याचा भाजीबाजार भरायचा शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, उघड्यावर. वाड्याचं आतलं वैभव १८२८ सालच्या आगीत गेलेलं, राहिला तो तट आणि दिल्ली दरवाजा. त्या तटाच्या सावलीत आसपासच्या गावांतून आलेल्या माळणी आणि कुणबिणी पाट्या मांडून बसत. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, माशा तर बाराही महिने. नगरपालिकेने ठरवलं की शहराला छपराखालचा, ओटे असलेला, नीटनेटका बाजार हवा. शुक्रवार पेठेत जागा घेतली गेली आणि १८८६ साली इमारत उभी राहिली. मध्यभागी अष्टकोनी मनोरा, त्यातून चहूकडे फुटलेल्या लांबलचक ओवऱ्या, टोकदार कमानी, वर कौलं. तेव्हाचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं, म्हणून ती 'रे मार्केट'. खर्च लाखांच्या घरात गेला. रुपयाला तेव्हा काय किंमत होती, ते वेगळं सांगायला नको.

या बेताला जोतीराव फुल्यांनी विरोध केला. १८७६ सालापासून काही वर्षं ते नगरपालिकेचे सदस्य होते. लोकांनी निवडून दिलेले नव्हेत, सरकारने नेमलेले. नेमलेल्या माणसाने मान डोलवावी अशी अपेक्षा असते. जोतीराव डोलवणाऱ्यांतले नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सदस्यांमध्ये विरोधात पडलेलं मत त्यांचं एकट्याचं होतं. मंडईच्या बाबतीतही त्यांचं म्हणणं सरळ होतं. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बांधकामातलं काही कळत नाही म्हणून विरोध करणारा हा माणूस नव्हता. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, चुना-दगड-मजुरी यांचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. भाजीपाल्यातलंही त्यांना कळत होतं, कारण ते माळ्याच्या घरातले. पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या पदरात दिवसाअखेर काय पडतं हे नगरपालिकेच्या सभेत बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल? नगरपालिकेचं मोठं उत्पन्न त्या काळी जकातीचं. जकात म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, आणि तो शेवटी दाणागोटा विकत घेणाऱ्याच्या खिशातूनच जातो, मग तो सरदार असो की हमाल. म्हणजे ज्यांच्या पैशावर मंडई उभी राहणार त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मुलांना शाळा नव्हती. मला वाटतं, जोतीरावांचा मुद्दा इथे होता. चिखलात बसून भाजी विकावी, असं काही त्यांचं म्हणणं नव्हतं.

ठराव अर्थात त्यांच्या मताविरुद्ध गेला. मंडई झाली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर फार चांगली झाली. पावसाळ्यात त्या ओवऱ्यांखाली उभं राहून पाहा. बाहेर धो धो पाऊस, आत हवा खेळती, अंधार नाही, कोंदटपणा नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली तरी ती वापरात आहे. आजच्या किती इमारतींबद्दल असं म्हणता येईल? मग जोतीराव चुकले का? नातवाने हेच विचारलं. मी त्याला म्हटलं, बाळा, इमारत चांगली झाली हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. त्यांनी विचारलं होतं, आधी काय? त्याचं उत्तर मंडई बांधून मिळालं नाही. ते मिळायला आणखी कित्येक वर्षं गेली.

पुढची गंमत तर याहून मोठी आहे. १९२४ साली मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. अनावरण केलं मोतीलाल नेहरूंनी. दुसऱ्याच वर्षी, १९२५ साली, केशवराव जेध्यांनी नगरपालिकेत मागणी केली की महात्मा फुल्यांचाही पुतळा या शहरात व्हावा. त्यावरून जे रण माजलं ते पुण्याच्या इतिहासात नमूद आहे. सभेत विरोध, वर्तमानपत्रांत विरोध, त्याला उत्तर म्हणून 'देशाचे दुश्मन' हे दिनकरराव जवळकरांचं पुस्तक, त्यावर खटला. पुतळा काही तेव्हा झाला नाही. त्यानंतर, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. ज्या इमारतीवरचा खर्च त्यांना नको होता तिलाच. आणि तेवढ्यावर हे थांबलं नाही. लॉर्ड रे यांच्या नावाचं एक औद्योगिक संग्रहालय याच इमारतीत थाटलेलं होतं. ते पुढे घोले रस्त्यावर गेलं आणि त्यालाही फुल्यांचंच नाव लागलं. नावं देण्यात आपण फार उदार आहोत.

मंडईच्या कट्ट्यावर पुढे एक विद्यापीठच भरू लागलं. 'मंडई विद्यापीठ' हा शब्द जुन्या पुणेकरांना माहीत आहे. पदवी नाही, फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. भाजीची पिशवी मांडीला टेकवून देशाच्या पंतप्रधानापासून पेठेतल्या नगरसेवकापर्यंत सर्वांची परीक्षा घ्यायची. मी तिथे कितीतरी संध्याकाळी उभा राहिलो आहे. शहरात होणाऱ्या प्रत्येक बदलावर तिथे निकाल लागे. पण आता मागे वळून पाहताना जाणवतं की त्या विद्यापीठात बोलणारे सगळे गिऱ्हाईक होते. ओट्यावर बसलेली बाई तराजू धरून ऐकत असायची. ती काय म्हणते, हे आम्ही विचारत असू ते फक्त "मेथी कशी दिली?" एवढ्यापुरतं.

या शहरात मी पाहिलेला सर्वांत मोठा बदल मात्र कुणीच ठरवलेला नव्हता. १२ जुलै १९६१. मी बारा वर्षांचा होतो. पहाटे पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं १८७९ सालचं जुनं धरणही गेलं, आणि दुपारपर्यंत मुठा पेठांमध्ये शिरली होती. त्या दिवसाचं वर्णन खूप जणांनी केलंय, मी ते पुन्हा करत नाही. मला सांगायचंय ते नंतरचं. नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे ढेकळासारखे विरघळले होते. शहर पुन्हा उभं करण्याची सूत्रं स. गो. बर्वे यांच्याकडे आली. हे महापालिकेचे पहिले आयुक्त, कामाचा उरक दांडगा. बेघर झालेल्यांसाठी पुढच्या काळात गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. शहराला नदीपलीकडची, डोंगराकडची वाट सापडली.

आमच्या नात्यातलं एक बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेतून गोखलेनगरला गेलं. पक्कं घर मिळालं, नळ मिळाला, मोकळी हवा मिळाली. पण त्या घरातली आजी वर्षभर म्हणत होती, "इथे कोथिंबीर आणायला बस धरावी लागते." आम्ही हसायचो. प्राण वाचले, घर मिळालं, आणि म्हातारी कोथिंबिरीचं रडगाणं गाते! आज माझं वय तिच्यापेक्षा जास्त आहे आणि ती काय म्हणत होती ते मला आता कळतं. पेठेत दूध, किराणा, वैद्य, देऊळ, शाळा आणि भांडायला शेजारीण हे सगळं पाच मिनिटांच्या चालीत होतं. ती सोय कुठल्याही नकाशात दाखवता येत नाही, म्हणून ती गेली हेही नकाशात दिसत नाही.

पेठेतल्या दुकानांचंही तेच. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद, हा विनोद आता सगळ्या महाराष्ट्राने करून झालाय. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तर त्याची बातमी झाली. पण दुपारी दुकान बंद का असे? कारण दुकान खाली आणि घर वर. सकाळी लवकर फळ्या काढलेल्या, रात्री आठ-नऊपर्यंत उभं राहायचं, मधे मालकाने आणि नोकराने जेवून घटकाभर पाठ टेकायची. ते दुकान गिऱ्हाइकाच्या सोयीने जेवढं चाले तेवढंच दुकानदाराच्या घराच्या सोयीनेही चाले. घर आणि दुकान वेगळं झालं की दुपारची झोप ही चैन ठरते.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला सोपं जात नाही.

आमच्या पेठेत, माझ्या घरापासून सात-आठ घरं टाकून, सायकलचं एक दुकान होतं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर. कॉलेजच्या सुटण्याच्या वेळी लकडी पुलावर सायकलींच्या घंटांशिवाय दुसरा आवाज नसायचा. या दुकानात सायकली तासावर भाड्याने मिळत. दुकानदाराला आम्ही अण्णा म्हणायचो. वहीत नाव लिहायचं, वेळ लिहायची आणि निघायचं. मी सायकल शिकलो ती त्यांच्याच एका खटारा सायकलवर, आणि गुडघा फोडून परत आलो तर अण्णांनी पंक्चरच्या पेटीतून कापूस काढून लावला होता. वरून अर्ध्या तासाचं भाडंही घेतलं होतं. अण्णा त्या वाड्यात भाडेकरू. वाड्याच्या दर्शनी भागातली खोली, समोर ओटा, ओट्यावर हवा भरायचा पंप.

१९८३ साली मला स्कूटर मिळाली. मिळाली असंच म्हणायचं, कारण त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाहावी लागे. स्कूटर आली आणि मला शोध लागला की आमची गल्ली अरुंद आहे. तोवर ती मला कधी अरुंद वाटली नव्हती. गल्लीतल्या बऱ्याच जणांना असाच शोध लागला होता, कारण बऱ्याच जणांकडे स्कूटरी आल्या होत्या. रस्ता रुंद व्हावा म्हणून एक अर्ज तयार झाला. मसुदा मी केला. माझं मराठी बरं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. 'आम्ही सर्व रहिवासी' अशी त्याची सुरुवात होती. घरोघर फिरून सह्या घेतल्या, शंभरावर सह्या झाल्या. अण्णांच्या दुकानावरून मी दोन-तीनदा गेलो, पण आत शिरलो नाही. स्वतःला सांगितलं की वाड्याच्या मालकांनी सही केलीय, भाडेकरूला काय विचारायचं?

आता या प्रकाराची रीत काय असते ते थोडक्यात सांगतो. महापालिकेच्या १९४९च्या कायद्यात २१०वं कलम आहे. त्याखाली रस्त्याची नियमित रेषा ठरवता येते. रेषा ठरली की तिच्या आत येणारं बांधकाम दुरुस्तीला किंवा पुनर्बांधणीला निघालं की मागे घ्यावं लागतं. जागा गेली तर मालकाला मोबदला असतो, पैशात किंवा जास्तीच्या बांधकामाच्या हक्कात. मालकाला मोबदला मिळतो, कारण जमीन त्याची. भाडेकरूच्या हाती काय लागतं ते त्याच्या आणि मालकाच्या घासाघिशीवर अवलंबून. आणि १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडं इतकं गोठलेलं की मालकाला तो वाडा म्हणजे डोईजड ओझं झालेला. रेषा आली की त्याला सुटल्यासारखं होतं. यात मालक दुष्ट, असं मी म्हणत नाही. गळकं कौल बदलायला त्याच्या हाती तरी काय येत होतं?

आमच्याकडेही तसंच झालं. रेषा आली. ओटा गेला, पंप गेला, दुकानाची खोली निम्म्याहून कमी उरली. दोन-तीन वर्षांत वाडा उतरवला गेला आणि तिथे चार मजली इमारत झाली. अण्णा थोडे पैसे घेऊन मुलाकडे धनकवडीला राहायला गेले. धनकवडी तेव्हा गावाबाहेर.

रस्ता रुंद झाला खरा. वर्षभर आम्ही खूश होतो. नंतर त्या वाढीव पट्ट्यात आमच्याच स्कूटरी उभ्या राहू लागल्या, मग मोटारी. जायला जागा उरली ती पूर्वीइतकीच. आज तर तिथे सम-विषम तारखांच्या पाट्या आहेत.

काही वर्षांनी अण्णा मला स्वारगेटला बसच्या रांगेत भेटले. वय झालेलं, पण नजर तशीच. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी धीर करून म्हटलं, "अण्णा, तो अर्ज मीच लिहिला होता."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "अक्षर ओळखलं मी. भाड्याच्या वहीत दहा वर्षं बघत होतो तुझं अक्षर."

मी काही बोललो नाही. तेच पुढे म्हणाले, "अरे, माझ्याकडे स्कूटर असती तर मीही केली असती सही. पण एकदा दुकानात यायचं होतंस."

त्यांची बस आली आणि ते गेले. पुढे मी त्यांना पाहिलं नाही.

याचा अर्थ रस्ते करू नयेत, असा काढू नका. चांगला रस्ता काय असतो हे पाहायला पुणेकराला दूर जावं लागत नाही. जंगली महाराज रस्ता १९७६च्या सुरुवातीला तयार झाला. मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीने तो केला. ती दोन पारशी भावांची कंपनी. श्रीकांत शिरोळे तेव्हा स्थायी समितीचे अध्यक्ष होते. कंपनीने दहा वर्षांची लेखी हमी दिली आणि रस्ता त्याच्या दुप्पट-तिप्पट काळ खड्ड्यांवाचून टिकला. असं काम करणाऱ्या कंपनीला पुण्यात पुन्हा काम मिळालं नाही, हे वाक्य तर पुण्यात म्हणीसारखं वापरतात. पण हाच रस्ता २०१६-१७च्या सुमारास पुन्हा चर्चेत आला. त्याच्या कडेचे पदपथ चांगले रुंद केले गेले, बाकं आली, झाडांना आळी आली. दुकानदारांची तक्रार होती की गिऱ्हाइकाने गाडी लावायची कुठे. आमच्यासारखे काठी टेकत चालणारे खूश होते. आता दोघांपैकी कुणाचं मत बरोबर? खरं सांगायचं तर पस्तिशीतला मी दुकानदारांच्या बाजूचा असतो आणि आजचा मी पदपथाच्या बाजूचा आहे. माणूस एकच, पण काय घेऊन रस्त्यावर उतरलाय त्याप्रमाणे त्याचं मत बदलतं. टांगेवाल्यांचं, सायकलवाल्यांचं असंच झालं असणार. १९५० साली पीएमटी आली तेव्हा स्टेशनवरच्या टांगेवाल्याला त्या बसमध्ये काय दिसलं असेल, याची नोंद कुणी ठेवली आहे असं निदान माझ्या वाचनात आलेलं नाही. डिसेंबर २००६मध्ये स्वारगेट, कात्रज, हडपसरला बीआरटी सुरू झाली, तेव्हा मात्र प्रत्येकाने मत दिलं, आणि मोटारवाल्यांचा आवाज सर्वांत वरचा होता. बसमधल्या माणसाला बहुधा उभं राहायलाच जागा नव्हती, तो पत्र कुठे लिहिणार?

लोकांना विचारण्याची सोय कायद्यात नाही असं नाही. १९६६चा नगररचना कायदा सांगतो की शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवा, त्यांच्या हरकती आणि सूचना मागवा, त्यावर सुनावणी घ्या. पुण्याचे आराखडे मंजूर झाले ते १९६६, १९८७ आणि २०१७ साली. यातल्या शेवटच्याचा मसुदा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकती आणि सूचना किती आल्या असतील? ऐंशी हजारांवर. त्यातली एक माझी होती. या वेळी मी 'आम्ही सर्व रहिवासी' असं लिहिलं नाही. 'मी खाली सही करणार' असं लिहिलं. पेठांमधल्या रस्तारुंदीच्या एका रेषेत कुणाकुणाची दुकानं जातात त्यांची यादी, दारोदार फिरून, भाडेकरूंसकट, मी जोडली होती. त्यात एक चपला शिवणारे होते, एक पिठाची गिरणी होती, एक बाई घरगुती डबे देत होत्या. डबेवाल्या बाईंनी विचारलं, "काका, याने काही होईल का हो?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, पण तुमचं नाव कागदावर राहील."

अर्ज देण्यासाठी रांग होती. छापील अर्जांचे गठ्ठे घेऊन आलेले लोक होते, एकच मजकूर आणि खाली हजार नावं. माझ्यामागे एक तरुण मुलगी टेकड्या वाचवा म्हणून एकटीच एक कागद घेऊन आली होती. पुढे सुनावण्या झाल्या. २०१५ साली राज्य सरकारने आराखडा आपल्या हाती घेतला आणि २०१७च्या जानेवारीत तो मंजूर झाला. नकाशा घेऊन मी भिंगातून ती रेषा पाहिली. डबेवाल्या बाई मात्र त्याआधीच सिंहगड रस्त्याकडे राहायला गेल्या होत्या, मुलाने तिकडे फ्लॅट घेतला म्हणून. रेषेचं काय झालं हे कळवायला मी फोन केला तर म्हणाल्या, "असू द्या हो काका, इथे डब्यांना गिऱ्हाईक जास्त आहे." तेव्हा लोकांना काय हवं असतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं समजण्यातही अर्थ नाही.

आता पुन्हा मेट्रोच्या त्या सरकत्या जिन्यावर या. मेट्रो मला आवडली. ६ मार्च २०२२ला वनाज ते गरवारे कॉलेज हा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाही मी हौसेने बसलो होतो. स्वच्छ आहे, वेळेवर येते, आणि माझ्या वयाच्या माणसाला पीएमपीच्या पायऱ्या चढण्यापेक्षा सोपी आहे. तिच्या कामासाठी शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वसाहतीतली कुटुंबं विमाननगर, हडपसर अशा ठिकाणी गेली. ती आज गोखलेनगरच्या आजीसारखी कशाची आठवण काढतात, हे त्यांनाच विचारायला हवं.

नातवाला घेऊन मी मंडईत शिरलो. आमची नेहमीची भाजीवाली आहे, तिच्या सासूकडून माझी आई भाजी घ्यायची. तिला मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "काय मावशी, मेट्रो आली, धंदा वाढला का?"

ती जुडी बांधता बांधता थांबली. "माणसं वाढली," म्हणाली. "लई माणसं येतात आता. पण हातात पिशवी नसती. फोटू काढत्यात आन् जात्यात." मग जरा विचार करून, "पर माझी सून येती आता मेट्रोनं. पयले दोन बशी बदलायची. घरी लवकर पोचती. पोरांचा अभ्यास घेती."

नातू फोन खिशात ठेवू लागला. तिने ते पाहिलं आणि हसून म्हणाली, "काढ रं बाळा, तुझ्या आज्यानं पिशवी आणलीया."

आम्ही अर्धा किलो वांगी घेतली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. कोथिंबीर तिने वर घातली, तिचे पैसे घेतले नाहीत.